दुसऱ्या मजल्यावर कुणी राहत नाही

सकाळी मी दुकानाचं शटर वर केलं की दुसऱ्या मजल्यावरून पिशवी खाली यायची. मांजरपाटाची जाड पिशवी, नायलॉनच्या दोरीला बांधलेली. मी तिच्यात शिवलेले शर्ट भरायचो, वर बटणांची पुडी टाकायचो आणि दोरीला हिसका द्यायचो, की पिशवी डुलत डुलत वर. दुपारनंतर तेच शर्ट काज-बटण होऊन, नीट घडी घालून खाली यायचे. मध्येच काही बोलायचं झालं तर मी रस्त्यात जाऊन मान वर करायची आणि सिंधुअक्कानं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून ओरडायचं. अर्ध्या ट्यूशन एरियाला आमचा धंदा तोंडपाठ होता.

ही बाई जिना का उतरत नव्हती, असं कुणी विचारील. उतरायची की. भाजीला, पाण्याला, क्लासच्या खोल्या झाडायला सगळीकडे जायची. पण कामाला बसायची ती खिडकीतच. खोलीत चूल, कॉट, लेकीचं टेबल असं सगळं होतं, पण ते नुसतं ठेवायला. अक्का राहायची खिडकीत.

मी मुज्तबा टेलर. लातूर, कमलाई संकुल, दुकान नंबर चार. आमच्या अब्बांचं दुकान गंजगोलाईच्या एका बोळात होतं, तिथं माणूस आला की बकरीला बाहेर जावं लागायचं. म्हणून मी हौसेनं इकडे आलो. इमारत नव्या तऱ्हेची. तळाला दुकानं, पहिला आणि दुसरा मजला क्लास न् ऑफिसांचा, तिसऱ्यापासून वर राहते फ्लॅट. वर माणसं घोरतात, मध्ये पोरं घोकतात आणि खाली आम्ही पोटाला कमावतो. सगळं एका छपराखाली, म्हणून भांडणंही एकाच छपराखाली.

असल्या मिश्र इमारतींना पालिकेची बोर्डांची वेगळी नियमावली असते, हे मला माझ्या बोर्डानं शिकवलं. पहिल्याच वर्षी गुरुपादप्पा टेप घेऊन आले. हे पालिकेचे परवाना विभागाचे, निलंग्याकडचे, सज्जन आणि संथ. बोलायला लागले की शाळेत परिपाठ चाललाय असं वाटायचं.

"मुज्तबाभाई, दुकानाचा बोर्ड शटरच्या रुंदीबाहेर जाऊ नये. राहत्या मजल्यांवर बोर्डच नको. वाणिज्य मजल्यांवर मोठा लावा, परवानगी घेऊन. राहत्या घराची खिडकी झाकायची न्हाई, जिना झाकायचा न्हाई. बोर्ड फाटला तर लावणाऱ्यानं आपला आपण उतरवायचा, न्हाईतर आम्ही उतरवतो."

माझा बोर्ड एका बाजूनं बाहेर जात होता. तेवढा कापला तर त्यात 'जेन्ट्स' गेलं. दुसऱ्या दिवसापासून बाया ब्लाउज घेऊन यायला लागल्या. मी बारा पिढ्यांत कुणी ब्लाउज शिवला नाही असं सांगून सांगून थकलो. अक्का वरून हे ऐकून इतकी हसली की तिच्या हातातला शर्ट खाली पडला.

तर सिंधुअक्का. तेरणेच्या काठचं तिचं गाव त्र्याण्णवच्या भूकंपात गेलं, त्यात नवरा भुजंग गेला, घर तर गेलंच. उरली ती आणि तिची मांडीवरची ऋतुजा. सरकारनं नव्या गावठाणात खोली दिली होती, पण तिथं शाळा चौथीपर्यंत. लेक हुशार निघाली, म्हणून अक्का लातूरला आली आणि कुणी देईल ते काम करत राहिली. आमच्या संकुलात शेषेराव सरांचा फिजिक्सचा क्लास होता. सर त्याच भागातले, त्यांचेही लोक त्या रात्री गेलेले. त्यांनी ऋतुजाला क्लासात फुकट घेतलं आणि दुसऱ्या मजल्यावरचा आपला कोपऱ्यातला रिकामा गाळा मायलेकींना राहायला दिला. भाडं नाही, त्याच्या बदल्यात अक्कानं क्लासच्या खोल्या झाडायच्या. आता बोला, असा माणूस कुठं मिळतो? मी सरांना मनापासून मानतो, आणि पुढं जे सांगणार आहे ते ऐकूनही तुम्ही त्यांना वाईट म्हणू नका.

गाळ्यात पाऊल टाकण्याआधी अक्कानं एकच अट घातली. खिडकीचे गज काढा. सर म्हणाले, चोर येईल. अक्का म्हणाली, "येऊ द्या. चोराला जिना हाय, मला खिडकी पायजे." गज निघाले. मग तिनं खिडकीच्या कट्ट्यावर तांब्या पालथा घातला आणि त्याच्या बुडावर पितळी पेला उभा केला. किल्लारीकडच्या पुष्कळ घरांत असा पेला असायचा. जमीन जरा हलली की पेला पडतो, आवाज होतो, माणूस पोरं उचलून बाहेर पळतो. वर्षं गेली, बऱ्याच घरांतले पेले फडताळात परत गेले. अक्काचा तिथंच होता. सरांच्या क्लासचा जनरेटर सुरू झाला की तो हमखास पडायचा आणि अक्का हमखास दचकायची. मी म्हटलं, "अक्का, हा तर रोजच खोटं बोलतो." ती म्हणाली, "बोलू द्या. येका दिवशी खरं बोलंल."

ऋतुजा सीईटीला जिल्ह्यात वरच्या नंबरात आली आणि सरांच्या क्लासात पहिली. निकालाच्या दिवशी संकुलात पाय ठेवायला जागा नव्हती. मी सगळ्यांना पेढे वाटले, जणू पोर माझीच. ती मला मामू म्हणायची, तेव्हा थोडी माझीही होतीच. अक्का हसत होती, रडत होती, आणि मधूनच खिडकीत जाऊन उगाच रस्त्याकडे बघून येत होती.

निकाल लागला की आमच्याकडे आकाश दिसत नाही. प्रत्येक क्लासचा बोर्ड, बोर्डावर पोरांची तोंडं, तोंडाखाली मार्क. त्या वर्षी सरांनी ठरवलं की आपलाही बोर्ड जोरदार करायचा. पहिला न् दुसरा मजला मिळून एकच अख्खा फ्लेक्स. रीतसर परवानगी काढली. मध्ये ओळीनं मुलं, आणि वरच्या कोपऱ्यात सगळ्यात मोठं तोंड ऋतुजाचं.

लोखंडी अँगल ठोकायला पोरं आली, तेव्हा त्यांना बाहेरून हात पुरेना. अक्काच्या खिडकीला गज नव्हते. ते म्हणाले, मावशी, आतून येऊ का? अक्का म्हणाली, या की! तिनं कॉट बाजूला सारली, स्टूल दिलं, चहा केला. तार ओढायची तेव्हा एक टोक हिनंच धरलं. मी खालून बघत होतो. बाई अशी खुशीत, जशी लेकीच्या लग्नाचा मांडव घालतीय. "मुज्तबाभाई, सरळ हाय का?" वरून विचारलं. मी म्हटलं, "डावीकडं घ्या थोडं." म्हणजे बघा, मापही मीच दिलं.

मग त्यांनी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून गुंडाळी सोडली. फ्लेक्स सरसर उलगडत आला. अक्काचं कपाळ दिसत होतं, मग डोळे, मग नुसता हात, आणि मग तिथं ऋतुजा हसत होती. खाली टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. दुसऱ्या दिवशी शटर उघडलं आणि पिशवीची वाट बघत उभा राहिलो, तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला.

तासाभरानं अक्का जिन्यानं उतरली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात तांब्या-पेला. दुकानाबाहेरच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "आजपसनं हितंच बसते. वर उजेड न्हाई."

मी वर जाऊन बघितलं. उजेड अगदीच नव्हता असं नाही. सकाळचं ऊन फ्लेक्सवर पडलं की खोलीत पिवळट प्रकाश यायचा, आणि खिडकीच्या चौकटीत ऋतुजाचं कपाळ, नाक, ओठ, हनुवटी, सगळं उलटं आणि भलंमोठं. वारा मात्र औषधालाही नव्हता. फ्लेक्स आत-बाहेर फुगायचा आणि फटफट वाजायचा. दोन मिनिटांत माझाच जीव घुसमटला आणि मी जिन्यावर आलो.

झोपायचं काय? अक्का जिन्याच्या वळणावर चटई टाकायला लागली. लेक तेव्हा घरीच होती, कॉलेजच्या प्रवेशाच्या धावपळीत. तिला म्हणाली, "गरम होतंय गं आत. जिन्यात वारं हाय." पोरगी दिवसभर मोकळी नसायची, रात्री दमून पडायची. फोटोमुळे खिडकी गेली, याचं तिला वाईट वाटलं, पण आईनं ते हसण्यावारी नेलं. पुढं तिला नांदेडच्या मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला आणि ती गेली. फ्लेक्स राहिला.

मी काही गप्प बसणारा माणूस नाही. आधी सरांकडे गेलो. सर अक्षरशः चक्रावले. "अहो मुज्तबाभाई, तिच्याच मुलीचा फोटो आहे. कुणाच्या खिडकीवर असा फोटो येतो?" मी म्हटलं, "सर, अक्काला आत घुसमटतं." सरांना खरंच वाईट वाटलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतःच्या खर्चानं तिच्या खोलीत नवी ट्यूबलाइट बसवली आणि छताला पंखा लावून दिला. आता याला काय म्हणायचं? बुडत्याला तुम्ही पाणी प्यायला ग्लास दिला तर तो आभार मानील की शिव्या घालील? अक्कानं आभार मानले. ट्यूब लागली, पंखा फिरला आणि बाई जिन्यात झोपली.

मग मी गुरुपादप्पांना गाठलं. त्यांचाच नियम त्यांना ऐकवला. राहत्या घराची खिडकी झाकायची नाही, बरोबर? ते म्हणाले, बरोबर. मग हा बोर्ड बघा. त्यांनी मान वर केली, पुष्कळ वेळ बघितलं, मग पिशवीतून इमारतीचा मंजूर नकाशा काढून माझ्या कटिंग टेबलावर पसरला.

"मुज्तबाभाई, दुसरा मजला वाणिज्य. हा कोपरा बघा, कार्यालय. इथं कुणी राहत न्हाई."

"अप्पा, ही काय समोर बसलीय."

अक्का पायरीवर बसून बटण लावत होती. अप्पांनी तिच्याकडे बघितलं नाही. नकाशाकडेच बघत राहिले. "कुणी राहतंय असं तुम्ही लिहून द्या. मी येतो, पंचनामा करतो. मग माझ्यापुढं दोन गोष्टी येतात. एक, राहत्या खिडकीवर बोर्ड. दुसरी, कार्यालयात राहणं. पहिलीनं बोर्ड उतरंल. दुसरीनं ही बाई उतरंल. दोन्ही माझ्याच सहीनं." नकाशा त्यांनी घडीवर घडी घालून परत पिशवीत ठेवला. "मी आज इकडं आलोच न्हाई, असं समजा."

तक्रार केली तर घर जातं, न केली तर खिडकी. घर सरांचं, सर उपकारकर्ते, आणि बोर्डावर पोटची पोर. मी तरी कुठं मोकळा होतो? क्लासच्या सगळ्या पोरांचे निळे शर्ट माझ्याकडेच शिवायला येत. जास्त तोंड चालवलं असतं तर पुढच्या वर्षी ते दुसऱ्या कुणाकडे गेले असते. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण तिथं निदान माणसाला उडी मारायला मोकळी जागा असते.

दिवस असेच गेले. अक्का वाळत चालली. आधी बोलता बोलता बटण लावायची, आता नुसतं बटणच. तांब्या-पेला तिनं माझ्या काउंटरवर मांडला, तर माझ्या मशीनच्या हादऱ्यानं पेला दर शर्टाला पडायचा. मी वैतागून तो पायरीवर ठेवला, तर गिऱ्हाइकांच्या लाथा. शेवटी तिनंच उचलून पिशवीत घातला. मला फार वाईट वाटलं. घरी बायकोला, नाजियाला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना आपल्याकडं झोपायला आणा." अक्का एकदा येऊन गेली, पण राहिली नाही. आमची गल्ली बघून म्हणाली, "भाबी, तुमचं घर चांगलं हाय, पर आभाळ लई बारीक हाय."

ऋतुजाचा फोन माझ्या दुकानात यायचा. अक्का म्हणायची, "हाव, खिडकीतच बसलीय. लई वारं हाय. सरांनी फोटो वर सरकिवला." मी समोर कात्री चालवत हे ऐकायचो आणि माझ्या हातानं कापड वाकडं कापलं जायचं.

एक दिवस माझा तोल गेला. माझी मोठी कात्री घेतली, पायरीवर जाऊन बसलो आणि ती अक्कापुढे धरली. "घ्या. आतून एक उभा काप मारा. वाऱ्यानं फाटला म्हणू. कोण बघतंय?"

तिनं कात्री घेतली, बोटं घातली, मग माझ्या मांडीवर ठेवून दिली. "म्या न्हाई कापू शकत."

"का? सरांची भीती?"

"सरांची कशापायी?" सुईत दोरा ओवता ओवता ती बोलायला लागली, माझ्याकडे न बघता.

"गणपती बोळवून आलाव न् झोपलाव. हिचे पप्पा दाराशी, मी न् ही आत. वर मातीचं माळवद. कसं पडलं कळलंच न्हाई. तुळई आडवी आली, तिच्याखाली मी न् माझ्याखाली ही. हात हालंना, पाय हालंना, समदी माती तोंडात. मग कधीतरी उजाडलं. कसं कळलं सांगू? मातीत येक भोक होतं, मुठीयेवढं. तितनं उजेड आला, वारं आलं." तिनं मूठ करून दाखवली. "तोंड येकाचंच मावत होतं, मुज्तबाभाई. म्या हिचं लावलं."

"आणि तुमचं?"

"माझं हिच्या पाठीला. ती रडायची तसं तिच्या पाठीतनं कळायचं, जित्ती हाय. तिचं रडणं ऐकूनच लोकं आली. दुपार कलली हुती म्हणत्यात. मला तर भोक तेवढं आठवतंय, न् त्येच्यात हिचं डोस्कं."

रस्त्यावरून पोरांच्या सायकली जात होत्या. अक्कानं दोऱ्याला गाठ मारली.

"आता सांगा. तवाबी भोकात हिचंच तोंड हुतं, आताबी हिचंच हाय. त्येला कात्री कशी लावू?"

मी कात्री उचलून मागं ठेवली. ती म्हणाली, "तिला यातलं काय ठाव न्हाई. गावानं काढलं येवढंच ठाव हाय. सांगू नका. लेकराच्या डोक्यावर वझं हुतंय." मी मान हलवली. हलवली म्हणजे कबूल केलं, असं तिनं धरलं. मी तेव्हा तसंच धरलं होतं.

दिवाळीच्या सुटीला अक्कानं लेकीला यायला मना केलं. म्हणाली, मीच येते नांदेडला, गुरुद्वारा बघायचाय. पण पोरगी हुशार होती, सीईटीतच नव्हे. ती एका दुपारी न सांगता बॅग घेऊन दुकानापुढे उभी राहिली. आधी तिनं वर बघितलं. बोर्ड जिथल्या तिथं. मग पायरीकडे बघितलं. तिथं आई मांडीवर निळा शर्ट घेऊन, भिंतीला डोकं टेकून बसल्या जागी झोपली होती. रात्री जिन्यात झोप होत नव्हती, म्हणून दुपारी अशी डुलकी लागायची. तोंड उघडं, हातात सुई तशीच.

"मामू," ऋतुजा हळूच म्हणाली, "माय हितं का झोपलीय?"

"उन्हाला बसली होती."

"खरं सांगा."

आता माझं असं आहे की मला खोटा खिसा शिवता येतो, खोटं बोलता येत नाही. शिवाय मला राग आला होता. सरांचा, अप्पांच्या नकाशाचा, ह्या पोरीच्या हसऱ्या फोटोचा आणि सगळ्यात जास्त अक्काच्या शहाणपणाचा. लेकराच्या डोक्यावर वझं म्हणे! आणि आईच्या छातीवर धोंडा, त्याचं काय? मी ऋतुजाला दुकानात आत घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. जिना, ट्यूबलाइट, नकाशा, आणि ते मुठीएवढं भोक. वचन मोडलं, हो. परत वेळ आली तर परत मोडीन.

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. माझ्या कटिंग टेबलावरची कात्री उचलली आणि जिन्याकडे निघाली. मी मागे. पायऱ्यांवर आमचे पाय वाजले तशी अक्का जागी झाली आणि "ऋतू? कवा आलीस गं?" म्हणत पिशवी काखेत मारून मागून धावली.

खोलीत ऊन नव्हतं, नुसता मळकट उजेड. खिडकीत ते मोठं उलटं तोंड आत-बाहेर फुगत होतं. ऋतुजा क्षणभर स्वतःकडेच बघत उभी राहिली. मग तिनं खिडकीच्या कट्ट्यावर गुडघा टेकला आणि ओठाच्या कोपऱ्यात कात्रीचं टोक खुपसलं.

अक्कानं तिचं मनगट धरलं. "अगं, तुझं तोंड हाय ते! बया, तुझं तोंड हाय!"

"माझं तोंड हे काय तुझ्यासमोर हाय. हात सोड, माय."

"सर काय म्हणतील? घर जाईल आपलं."

"जाऊ दे. नांदेडला खोली बघू. गज नसलेली."

"ऋतू, नको गं..."

तेव्हा मात्र पोरीचा आवाज फाटला. "तवा मी बाहेर बघितलं न्हवं का? दिवसभर मीच बघितलं. आता तू बघ!"

अक्काचा हात आपोआप सुटला. तिनं माझ्याकडे बघितलं, तुम्ही सांगितलं ना, अशा नजरेनं. मी छताच्या पंख्याकडे बघत राहिलो. कात्री फ्लेक्समधून कुरकुर करत गोल फिरली. हनुवटी, गाल, कपाळ, परत गाल. कापडाला लागते तशी सफाई नव्हती, पण पहिल्याच कटिंगला वाईटही नव्हती. तुकडा सुटून खाली पडला आणि खोलीत एकदम रस्ता आला. सायकलच्या घंट्या, वडे तळल्याचा वास, वारा. कॉटवरची चादर उडाली.

बोर्डाचं पुढं काय झालं ते आधी सांगून टाकतो. सर संतापले, मग ऋतुजा त्यांच्याशी बंद दाराआड बोलली, मग ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले ते चष्मा पुसत. आठवड्याभरानं गुरुपादप्पा आले. वर बघितलं आणि त्यांचा चेहरा असा खुलला, जणू त्यांच्याच पोराचा निकाल लागला. "फाटका बोर्ड," ते म्हणाले. "फाटक्या बोर्डाला नकाशा बघावा लागत न्हाई." सरांनी तो त्याच दिवशी उतरवला. पुढच्या वर्षीचा बोर्ड पहिल्या मजल्यापुरताच झाला. कागदावर अजूनही दुसऱ्या मजल्यावर कुणी राहत नाही, आणि रोज सकाळी मला वाटतं की आज कुणीतरी हे खोडून काढायला येईल. धाक गेलेला नाही. खिडकी तेवढी आहे.

पण मला सांगायचंय ते त्याच दुपारचं. मायलेकींना वर सोडून मी खाली आलो. रस्त्यात माणसं मान वर करून उभी होती. मीही बघितलं. निळ्या बोर्डावर ओळीनं पोरांची तोंडं, वरच्या कोपऱ्यात मोठ्ठं गोल भोक, त्याच्याखाली ठसठशीत अक्षरं, 'क्लासमध्ये प्रथम', आणि भोकात सिंधुअक्का. केस विस्कटलेले, पदर ढळलेला, डोळे मिटून नुसती वारा घेत होती. शेजारी पालथ्या तांब्यावर पेला परत उभा होता.

धर्माबादहून पोराच्या ॲडमिशनची चौकशी करायला आलेले एक गृहस्थ माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी बोर्डाकडे बोट केलं. "ह्या बाई कुठल्या बॅचच्या हो?"

"त्र्याण्णवच्या," मी म्हटलं.

त्यांनी समजल्यासारखी मान डोलावली. तेवढ्यात बोर्डातून दोरी सुटली आणि पिशवी डुलत डुलत खाली आली. मी तिच्यात शर्ट भरले, वर बटणांची पुडी टाकली आणि दोरीला हिसका दिला.